बिले तपासणारीचे स्वतःचे बिल

२०२२ मध्ये मी पुण्यातील एका बांधकाम कंपनीतली बिलिंग इंजिनियरची नोकरी सोडली आणि स्वतंत्र मोजमाप सल्लागार म्हणून काम सुरू केले. ओळखीच्या बऱ्याच जणांना यात फारसा बदल दिसला नाही, कारण काम तेच, टेप तीच, नकाशे तसेच आणि साइटवरची धूळही तीच. माझ्या बाजूने पाहिले तर मात्र टेबलच उलटे फिरले होते. नोकरीत असताना मी पैसे देणाऱ्या बाजूला बसून कंत्राटदारांची बिले तपासत होते. आता ती तपासण्याचे काम मी स्वतःच कंत्राटावर घेते, आणि त्या कामाचे माझे बिल कंपनीच्या लेखा विभागात त्याच कंत्राटदारांच्या बिलांच्या गठ्ठ्यात जाऊन पडते. ज्यांची बिले मी तपासते त्यांच्याच रांगेत मीही उभी असते. या नव्या जागेवरून जे दिसले, त्याविषयी हे लिहिते आहे.

बांधकामाशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी आधी थोडे सांगायला हवे. रावेत, वाघोली किंवा मोशीकडे उभ्या राहणाऱ्या एखाद्या चौदा मजली इमारतीवर बिल्डरची स्वतःची माणसे मोजकीच असतात. सेंट्रिंग, सळई बांधणे, ब्लॉकचे काम, आतले प्लास्टर, बाहेरचे प्लास्टर, टाइल, वॉटरप्रूफिंग, प्लंबिंग, रंग ही सगळी कामे वेगवेगळ्या कंत्राटदारांना वर्क ऑर्डर देऊन करून घेतली जातात. प्रत्येक कंत्राटदार साधारण महिन्याला झालेल्या कामाचे बिल लावतो, त्याला आम्ही आरए (रनिंग अकाउंट, म्हणजे चालू कामाचे) बिल म्हणतो. बिलिंग इंजिनियर ते बिल नकाशावरून आणि प्रत्यक्ष जागेवर तपासतो, वर्क ऑर्डरमधील दराशी ताडून पाहतो, मागच्या बिलात दिलेले काम पुन्हा लावलेले नाही ना याची खात्री करतो, कंपनीने पुरवलेल्या सिमेंट-सळईचा हिशेब जुळवतो आणि रिटेन्शनसह (काम नीट होईपर्यंत रोखून ठेवलेली रक्कम) सर्व वजावटी करून देय रक्कम प्रमाणित करतो. सरकारी कामात हे सारे मोजमाप पुस्तकात लिहिले जाते. त्याची पाने क्रमांकित असतात, आणि चुकलेला आकडा पुसता येत नाही. त्यावर एक रेघ मारून शेजारी सही करावी लागते. खासगी साइटवर ती जागा एक्सेलने घेतली आहे, आणि एक्सेलमध्ये काल काय होते ते आज कुणाला दिसत नाही. नोकरीत असताना या फरकाचे मला विशेष काही वाटत नसे, कारण आकडा शेवटी कंपनीचा होता. आता त्याच्याखाली माझ्या नावाचा शिक्का असतो.

राजीनामा दिल्यावर कंपनीकडून मला जो प्रस्ताव आला, तो हल्ली अनेकांना येत असावा, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते. प्रस्ताव असा होता की मी जाऊ नये. त्याच टेबलावर, त्याच साइटवर, त्याच साहेबांच्या हाताखाली काम करत राहावे, फक्त पगाराऐवजी दरमहा सल्लागार शुल्काचे बिल लावावे. अंगठा सकाळी साडेनऊला लावायचा, सुट्टी विचारून घ्यायची, दुसऱ्या कुणाचे काम घ्यायचे नाही. हातात पडणारी रक्कम वरवर पाहता वाढत होती, कारण भविष्य निर्वाह निधीची कपात थांबणार होती. कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, गटविमा आणि भरपगारी रजा हे सगळे मात्र त्याच फटक्यात नाहीसे होणार होते. हा प्रस्ताव मी नाकारला. नोकरीची सगळी बंधने ठेवून फक्त नोकरीचे संरक्षण तेवढे काढून घ्यायचे, आणि त्याला स्वातंत्र्य म्हणायचे, हे मला पटले नाही.

या प्रश्नावर आपल्याकडे जुना आणि वाचनीय न्यायालयीन विचार झालेला आहे. १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धरंगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्याचा निकाल दिला. प्रश्न सौराष्ट्रातील मिठागरांवर काम करणाऱ्या अगरियांचा होता. त्यांची हजेरी घेतली जात नसे, कामाचे ठरावीक तास नव्हते, हाताखाली स्वतःची माणसे लावण्याची मोकळीक होती आणि पैसे तयार मिठाच्या मापावर मिळत. तेव्हा ते स्वतंत्र कंत्राटदार आहेत, असे कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही, कारण जमिनीच्या वाफ्यांपासून मीठ पसंत करण्यापर्यंत देखरेख आणि नियंत्रण कंपनीचेच होते, आणि अगरिया स्वतःही राबत होते. पुढे १९७३ मध्ये सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या निकालात नगावर मजुरी घेणाऱ्या शिंप्यांनाही कामगार मानले गेले. त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा ठरलेल्या नव्हत्या, पण यंत्रे दुकानाची होती, काम दुकानातच चाले आणि पसंत न पडलेले काम पुन्हा करायला लावण्याचा अधिकार मालकाकडे होता. ही दोन्ही प्रकरणे हातावर पोट असलेल्या माणसांची आहेत आणि माझी परिस्थिती त्यांच्यासारखी मुळीच नाही, याची मला जाणीव आहे. तरीही या निकालांतून मला माझ्या उपयोगाची कसोटी मिळाली: करारावर काय नाव घातले आहे यापेक्षा काम कसे, कुठे, कुणाच्या साधनांनी आणि कुणाच्या हुकमाने होते, हे पाहायचे. तेव्हापासून कोणताही करार हातात आला की मी आधी शुल्काचा आकडा पाहत नाही, हजेरीचे कलम शोधते.

करार लिहिण्याची सवय मला नोकरीने लावलेली होती. फक्त तेव्हा मी तो दुसऱ्यांसाठी लिहीत असे. पगारी माणसाच्या कामाला कुंपण नसते. साहेबांनी सांगितले म्हणून मी रेरासाठी लागणारे तक्ते भरले आहेत, सिमेंटच्या गाड्या उतरवून घेतल्या आहेत, ग्राहकाला सॅम्पल फ्लॅट दाखवला आहे आणि एकदा तर साइटवरच्या सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्याचा हिशेबही केला आहे. त्यात तक्रार करण्यासारखे काही नाही, नोकरी अशीच असते. स्वतंत्र झाल्यावर मात्र जे लिहिलेले नाही ते काम नाही, आणि जे लिहिलेले आहे ते टाळता येत नाही. म्हणून माझ्या करारात कोणत्या कंत्राटदारांची बिले, महिन्यातून किती साइटभेटी, सुधारित नकाशे कोणी आणि कधी द्यायचे, बिल हाती आल्यापासून किती दिवसांत मी ते तपासून देणार आणि ठरल्याबाहेरच्या कामाचा दर काय, हे सारे वेगवेगळ्या कलमांत असते. सर्वांत जास्त वाद सुधारित नकाशांवरून होतात. आर्किटेक्टने स्वयंपाकघराचा ओटा सरकवला, साइटने तो नव्या नकाशाप्रमाणे बांधला, आणि माझ्याकडे मात्र जुनाच नकाशा राहिला, तर कागदावर माझे मोजमाप चूक आणि कंत्राटदाराचे बिल बरोबर दिसते. त्यामुळे कोणत्या क्रमांकाच्या आणि कोणत्या तारखेच्या नकाशावरून मोजले, हे मी प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर लिहिते.

शुल्क किती घ्यायचे, या प्रश्नावर नव्याने बाहेर पडणारे बहुतेक जण पगाराला सव्वीसने भागून दिवसाचा दर काढतात. या हिशेबात जे दिवस बिलात लावता येत नाहीत, ते कुठेच धरलेले नसतात. दरपत्रके देणे, कोथरूडहून मोशीला जाऊन साइट बंद आहे असे कळणे, नकाशांची वाट पाहणे आणि पैशांसाठी फोन करणे यांत आठवड्यातील बराच वेळ जातो. त्यात ऑटोकॅडचे वार्षिक शुल्क, लॅपटॉप, गाडीचे पेट्रोल, विमा आणि सनदी लेखापालाची फी मिळवली, तर पगारात बसलेला आकडा आणि बाजारात मागायचा आकडा यांतील अंतर कळते. माझा पहिला दर मी पूर्वी इतर सल्लागारांना दिलेल्या वर्क ऑर्डर आठवून ठरवला, आणि याबाबतीत पैसे देणाऱ्या बाजूला काढलेली वर्षे चांगलीच उपयोगी पडली.

दर किती यापेक्षा तो कशावर लावायचा, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीच्या काळात एका विकासकाने मला चहा पाजत अगदी आपुलकीने सुचवले होते, "मॅडम, तुम्हाला ठरावीक फी कशाला? बिलांतून जेवढे कापाल, त्यातले दहा टक्के तुमचे." त्यांच्या दृष्टीने हे उदारपणाचे बोलणे होते. त्यांना वाटत होते की कंत्राटदार फुगवून बिले लावतात, आणि त्यात काही अंशी तथ्यही होते. सळईच्या लॅपची, म्हणजे जोडापाशी दोन सळया एकमेकींवर येतात त्या भागाची, लांबी वाढवून लावणे, स्लॅबमध्ये बीमची जागा दोनदा मोजणे, या गोष्टी होतात. पण मी टेप धरून उभी असताना प्रत्येक सेंटीमीटरमागे माझा दहा टक्के वाटा असेल, तर त्या टेपवर कोणी विश्वास ठेवावा? चोख बिल लावणाऱ्या कंत्राटदाराकडून मला काहीच मिळणार नाही, म्हणजे चोख बिलातही काहीतरी शोधून काढणे हा माझा धंदा होऊन बसेल. मी त्यांना बिलाच्या रकमेवर नव्हे तर मोजायच्या कामावर, म्हणजे मजल्यांच्या आणि बिलांच्या संख्येवर शुल्क सुचवले. त्यांनी विचार करून कळवतो असे सांगितले आणि कळवले नाही. दुसऱ्या बाजूकडूनही पाकीट पुढे सरकवले जाते, ते कसे नाकारायचे हे नोकरीतच शिकले होते. कापलेल्या रकमेतला वाटा मात्र अगदी सभ्य, कायदेशीर आणि बिलावर दाखवता येण्याजोगा असतो, म्हणून तो ओळखायला अधिक कठीण जातो.

हे प्रत्यक्षात कसे घडते, ते प्लास्टरच्या उदाहरणाने सांगते, कारण बाहेरच्या माणसाला प्लास्टर ही सर्वांत सोपी गोष्ट वाटते. भिंतीची लांबी गुणिले उंची, त्यातून दारे-खिडक्या वजा, झाले. मोजमापाचे भारतीय मानक आयएस १२००, त्याचा बारावा भाग प्लास्टरचा. त्यानुसार अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचे उघाड, म्हणजे दार-खिडकी-झरोक्याची मोकळी जागा, वजाच करायचे नाही. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंतचे उघाड भिंतीच्या एकाच बाजूने वजा करायचे आणि कडांचे प्लास्टर वेगळे मोजायचे नाही. तीनपेक्षा मोठे असेल तर दोन्ही बाजूंनी वजा करायचे, पण मग कडा, माथा आणि तळ यांचे प्लास्टर मिळवायचे. म्हणजे संडासाच्या ०.६ गुणिले ०.६ मीटरच्या झरोक्याचे ०.३६ चौरस मीटर सोडून द्यायचे. ०.९ गुणिले २.१ मीटरच्या दाराचे १.८९ चौरस मीटर एकदाच वजा. बाल्कनीच्या १.८ गुणिले २.१ मीटरच्या सरकत्या दाराचे ३.७८ चौरस मीटर दोनदा वजा, आणि कडा अधिक. यामागचा विचार सरळ आहे: छोट्या उघाडाच्या कडा करायला गवंड्याला जो वेळ लागतो, तो न केलेल्या वजावटीतून भरून निघतो.

अडचण बाहेरच्या भिंतीवर येते, कारण आतले प्लास्टर एका कंत्राटदाराचे आणि बाहेरचे दुसऱ्याचे असते. १.५ गुणिले १.२ मीटरची खिडकी एकाच बाजूने वजा करायची, पण ती कुणाच्या बाजूने? एका साइटवर आतल्या प्लास्टरचे कंत्राटदार लातूरकडचे, वयाने मोठे, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. तिसऱ्या मजल्यावर संयुक्त मोजमाप चालू असताना त्यांनी टेपचे टोक चौकटीशी धरून मला विचारले, "मॅडम, माझ्या बाजूनं पण कापता आणि बाहेरवाल्याच्या बाजूनं पण कापता, मग खिडकीची कड काय फुकट केली आम्ही?" मागील सर्व बिलांत कंपनीने प्रत्येक खिडकी दोघांकडूनही वजा केली होती. वर्क ऑर्डर उघडून पाहिली, तर तीत मोजमाप आयएस १२०० प्रमाणे एवढेच वाक्य होते, दोन्ही बाजूंनी वजा करण्याचे कुठेही लिहिलेले नव्हते. दोन बाजूंना वेगवेगळी प्लास्टरे असतील, तर चौकटीपासून भिंतीच्या तोंडापर्यंतची खोली ज्या बाजूला कमी, त्या बाजूने वजावट करावी आणि दोन्हीकडे सारखी असेल तर निम्मी-निम्मी करावी, असे मानक सांगते. त्या साइटवर चौकट बाहेरच्या अंगाला बसवलेली होती, त्यामुळे वजावट बाहेरच्या कंत्राटदाराची होती आणि काकांचे म्हणणे बरोबर होते. एका खिडकीचे १.८ चौरस मीटर म्हणजे काहीच नाही, पण खिडक्या, मजले आणि मागची बिले यांचा गुणाकार केल्यावर जो फरक निघाला, तो पाहून प्रकल्प प्रमुखांनी मला विचारले, "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?"

नोकरीत असते तर मी कदाचित टिपण लिहून वर पाठवले असते, आणि वरून जो निर्णय आला असता तो एक्सेलमध्ये भरला असता. त्यात गैर काही झाले असते असेही नाही, कारण निर्णय करणे हे माझ्या पगारात धरलेले नव्हते. इथे मात्र माझ्या करारातच लिहिले होते की मोजमाप वर्क ऑर्डरमधील पद्धतीनुसार प्रमाणित करायचे. मी त्यांना एवढेच म्हटले की पुढच्या वर्क ऑर्डरमध्ये दोन्ही बाजूंची पूर्ण वजावट लिहा, दर त्याप्रमाणे मागवा, आणि मी तसे मोजून देईन. पण ज्या वर्क ऑर्डरवर सही झालेली आहे, ती दोघांनाही बांधते. पुढच्या वर्क ऑर्डरमध्ये त्यांनी ते कलम खरोखरच घातले, आणि काकांनी त्याप्रमाणे दर वाढवून मागितला. मला विचाराल तर यात सगळे नियमाने झाले. कंत्राटदाराला आधी माहीत असेल, तर तो दरात धरतो. नंतर कळले, तर तोटा सोसतो.

कराच्या बाजूविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्याची माहिती सर्वत्र मिळते. मी सुरुवात केली तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्यानुसार व्यावसायिक शुल्कावर १० टक्के टीडीएस कापला जाई. एका लेखा विभागाने मला कंत्राटदारांच्या खात्यात घालून १ टक्का कापला, दुसऱ्याने तांत्रिक सेवा म्हणून २ टक्के कापले, तिसऱ्याने १०. वर्षाच्या शेवटी कर तेवढाच बसतो, पण हातात खेळणारा पैसा प्रत्येक ठिकाणी वेगळा राहतो. अभियांत्रिकी हा कायद्याने ठरवलेल्या व्यवसायांपैकी एक असल्यामुळे मला कलम ४४ एडीएची सोय मिळाली, म्हणजे एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरून त्यावर कर भरायचा आणि आगाऊ कर एकाच हप्त्यात १५ मार्चपर्यंत द्यायचा. मला गंमत वाटली ती व्यवसाय कराची. नोकरीत अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० असे वर्षाला २,५०० रुपये पगारातून नकळत जात असत. आता नावनोंदणी करून तेच २,५०० रुपये मी स्वतः एकरकमी भरते, आणि राज्य सरकारच्या हिशेबात माझ्यात काहीही बदल झालेला नाही.

जीएसटीच्या बाबतीत एक अनपेक्षित गोष्ट समोर आली. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपये आहे आणि मी सुरुवातीला तिच्या बरीच खाली होते. घरांच्या प्रकल्पांवर १ एप्रिल २०१९ पासून विकासकांना कमी दराने कर लागतो, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तेव्हा १८ टक्के न लावणारी सल्लागार त्यांना स्वस्त पडेल, असा माझा समज होता. प्रत्यक्षात लेखा विभाग जीएसटी क्रमांक मागत राहिला, कारण त्याच नियमांत किमान ८० टक्के खरेदी नोंदणीकृत पुरवठादारांकडून असावी अशी अट आहे, आणि ती पाळली नाही तर कमी पडलेल्या भागावरचा कर विकासकालाच भरावा लागतो. बऱ्याच लहान कंत्राटदारांकडे नोंदणी नसते, त्यामुळे ही ८० टक्क्यांची जागा आमच्यासारख्यांकडून भरून काढण्याकडे त्यांचा कल असतो. पैसे देणाऱ्या बाजूला असताना ही अट मला माहीत होती, पण तिची झळ कुणाला लागते, याचा विचार मी केला नव्हता.

पैसे वेळेवर न मिळण्याचा अनुभव सर्वांना येतो, तसा मलाही आला. त्यातील वेदना बाजूला ठेवून यंत्रणेविषयी बोलते. मी लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी केली, जी १ जुलै २०२० पासून सुरू झालेली असून विनामूल्य आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे अशा पुरवठादाराला करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. कायदा इतका कडक असूनही माझ्या ओळखीत तो कुणी फारसा वापरत नाही, कारण ज्याच्याकडे पुढचे काम मागायचे आहे, त्याच्याविरुद्ध थकीत पैशांच्या तक्रारी ऐकणाऱ्या परिषदेकडे अर्ज कोण करणार? खरा फरक पडला तो आयकर कायद्यातील एका बदलाने. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे या मुदतीत न दिल्यास, ते प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाहीत, अशी तरतूद १ एप्रिल २०२४ पासून, म्हणजे २०२३-२४ या वर्षाच्या हिशेबालाच, लागू झाली. त्या वर्षीच्या मार्चमध्ये मला आपणहून फोन आले, "मॅडम, तुमचे उद्यमचे प्रमाणपत्र पाठवा, बिल एकतीसच्या आत काढायचे आहे." दुसऱ्या एका ठिकाणी मात्र विचारणा झाली की नोंदणी रद्द करता येईल का. दोन्ही फोन एकाच तरतुदीची फळे होती, आणि कायदा पोहोचला आहे हे मला त्यातूनच समजले.

गमावलेल्या गोष्टींची यादी लांबवण्यात अर्थ नाही. भविष्य निर्वाह निधीचे पैसे मी काढले नाहीत. पेन्शनसाठी लागणारी १० वर्षांची सेवा भरलेली होती आणि शिल्लक तशीच ठेवणे मला शहाणपणाचे वाटले, जरी नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागत असला तरी. आरोग्य विम्याचे मात्र नोकरी सोडण्याआधीच पाहावे, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते, कारण गटविमा शेवटच्या दिवशी संपतो आणि नवीन वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षा कालावधी असतो. माझ्या आईचे मधुमेहाचे औषध चालू आहे, त्यामुळे घरात हा विषय शुल्काच्या आकड्यापेक्षा जास्त वेळ चर्चेत होता. साइटवरचा दुपारचा डबाही बदलला. पूर्वी आम्ही सगळे स्टोअरमध्ये एकत्र बसत असू. आता मी कंपनीच्या माणसांबरोबर बसले की कंत्राटदार लांबून पाहतात, आणि कंत्राटदारांबरोबर बसले की कंपनीची माणसे पाहतात. मी बहुधा गाडीत बसून जेवते. याचे दुःख मानावे असे काही नाही, पण स्वतंत्र असण्याची किंमत कुठे कुठे मोजावी लागते, त्यात हेही धरावे.

गेल्या काही महिन्यांपासून कामाचा व्याप इतका वाढला आहे की मोजमापासाठी हाताखाली कुणीतरी घेणे भाग पडले. नुकतीच पदविका पूर्ण केलेली एक मुलगी माझ्याबरोबर येते, ती नकाशावरून मोजमापाचे तक्ते करते आणि साइटवर टेपचे दुसरे टोक धरते. तिला कशावर ठेवायचे, हा प्रश्न आला तेव्हा माझ्या लेखापालांनी सहजपणे सुचवले की तिच्याकडून दरमहा सल्लागार म्हणून बिल घ्या, दोघींनाही सोपे जाईल. ती रोज माझ्या सांगण्यावरून येते, माझ्या लॅपटॉपवर काम करते आणि सुट्टी मला विचारून घेते. अगरियांच्या आणि शिंप्यांच्या कसोटीवर तिचे उत्तर स्पष्ट आहे, म्हणून तिला मी पगारावर ठेवले आहे, नियुक्तिपत्र दिले आहे, आणि माझी बिले निघोत वा न निघोत, तिचा पगार सात तारखेला होतो. मागच्या महिन्यात दोन बिले तुंबलेली असताना तो पगार मी बचत खात्यातून दिला आणि त्याच दुपारी त्या दोन्ही लेखा विभागांना फोन केला. एकाने उद्या करतो म्हणून सांगितले. दुसऱ्याने माझ्या बिलाला जोडलेल्या मोजमाप पत्रकावर साइट इंजिनियरची सही नाही, असे कारण दिले, आणि ते कारण अगदी योग्य होते. मी असते तर मीही ते बिल परत पाठवले असते.